अब्राहम, ब्रह्मा आणि उच्चारसाम्याचा मोह

बिलोली हे माझे आजोळ. नांदेड जिल्ह्याच्या कडेचा हा तालुका तेलंगणाला लागून आहे. मांजरा नदी ओलांडली की बोधन, निजामाबादचा मुलूख सुरू होतो. १९४८ पर्यंत हा सगळा भाग हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आठवडी बाजारात मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा कधी कधी एकाच वाक्यात ऐकू येतात. सरफराजखानाच्या नावाने ओळखली जाणारी जुनी दगडी मशीद ही गावाची खूण. अशा गावातल्या शाळेचा हजेरीपट वाचण्यासारखा असतो. त्यात गंगाधर आणि सायलू शेजारी शेजारी असतात, त्यांच्या मागेपुढे इब्राहिम, याकूब आणि मरियम असतात, आणि एखादा दावीदही असतो.

काही काळापूर्वी या परिसरातील एका शाळेत विज्ञान दिनानिमित्त बोलायला गेले होते. मुलांनी केलेले एक भित्तिपत्रक व्हरांड्यात लावले होते. मथळा होता ‘जग एक कुटुंब’. खाली दोन रकाने. डावीकडे अब्राहम, सारा, ख्रिस्त, व्हॅटिकन. उजवीकडे ब्रह्मा, सरस्वती, कृष्ण, वाटिका. तळाशी ठळक अक्षरांत निष्कर्ष होता : ‘ही सर्व नावे मुळात आपलीच, पुढे परदेशी लोकांनी त्यांचे अपभ्रंश केले.’ एका पुस्तिकेतून मजकूर घेतल्याचे सरांनी सांगितले. त्यांचा हेतू चांगला होता. वर्गात सर्व धर्मांची मुले आहेत, त्यांना एकमेकांविषयी आपलेपणा वाटावा, एवढेच त्यांच्या मनात होते.

कार्यक्रम संपल्यावर आठवीतला एक मुलगा जवळ आला. त्याचे नाव इब्राहिम. त्याने विचारले, “मॅडम, मग माझं नाव चुकीचं आहे का?”

मी त्याला ‘नाही रे’ म्हटले, पण ‘का नाही’ हे त्या गडबडीत नीट सांगता आले नाही. माझे काम जीवशास्त्रातले आहे, भाषाशास्त्रातले नाही. तरीही त्या भित्तिपत्रकातला दोष केवळ भाषेचा नव्हता. पुरावा कशाला म्हणावे, हा तो प्रश्न होता आणि तो आपणा सर्वांचा आहे. म्हणून ते उत्तर आता सविस्तर लिहीत आहे.

युक्तिवाद नवा नाही

प्रथम हे मान्य करू, की या युक्तिवादाला वय आहे आणि मोठ्या माणसांनाही त्याची भुरळ पडली आहे. अठराव्या शतकातील फ्रेंच लेखक व्होल्तेर (१६९४–१७७८) याने अब्राम आणि ब्रह्मा ही नावे शेजारी ठेवून तसे सुचवले होते. आपल्याकडे पु. ना. ओक (१९१७–२००७) यांच्या लेखनाने ही रीत घरोघरी पोचली. ‘ख्रिश्चनिटी म्हणजे कृष्णनीती’, ‘व्हॅटिकन म्हणजे वाटिका’ ही समीकरणे त्यांचीच.

पण ही खोड फक्त आपली नाही. युरोपातही अनेक शतके विद्वान असे मानत, की हिब्रू ही सर्व भाषांची जननी आहे. ते आपापल्या भाषेतील शब्द ओढूनताणून हिब्रूशी जुळवत बसत. या समजुतीला विरोध करणाऱ्यांत गणितज्ञ लाइब्निट्झ (१६४६–१७१६) हाही होता. म्हणजे एके काळी ‘सर्व काही हिब्रूतून’ असे म्हटले जाई, आज कोणी ‘सर्व काही संस्कृतातून’ म्हणतो. जननी बदलली, पद्धत तीच राहिली. ती अशी : दोन शब्द घ्या, मोठ्याने म्हणा, सारखे वाटले की नाते जाहीर करा.

या पद्धतीची खरी अडचण ही, की ती कधीच हरत नाही. अक्षर जुळले तर नाते आहे, आणि जुळले नाही तर ‘अपभ्रंश झाला’. जे विधान कोणत्याही निरीक्षणाने खोटे ठरू शकत नाही, त्याची विज्ञानात काय किंमत असते, हे विज्ञान शिक्षकांना मी सांगायला नको.

दिसणे वेगळे, नाते वेगळे

नववी-दहावीच्या मुलांना आपण उत्क्रांती शिकवतो. शार्क आणि डॉल्फिन यांचा आकार सारखा असतो. पण एक मासा आहे आणि दुसरा सस्तन प्राणी. उलट वटवाघळाचा पंख, देवमाशाचा वल्ह्यासारखा अवयव आणि माणसाचा हात दिसायला अगदी वेगळे. पण आतल्या हाडांची रचना एकच. नाते दिसण्यावर ठरत नाही, रचनेच्या क्रमावर ठरते.

शब्दांचेही असेच आहे. मराठीत फारसीतून आलेला ‘बद’ हा शब्द बदनाम, बदमाश यांत आहे. इंग्रजीतील ‘बॅड’ उच्चारानेही जवळ आणि अर्थानेही तोच. तरी या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हे साम्य योगायोगाचे आहे. उलट संस्कृत ‘चक्र’ आणि इंग्रजी ‘व्हील’ यांत एकही अक्षर जुळत नाही, पण ते एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. विल्यम जोन्स याने १७८६ मध्ये कोलकात्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचे मूळ एक असावे असे मांडले. पुढे शंभर वर्षांत अभ्यासकांनी ध्वनिबदलांचे नियम शोधून ते सिद्ध केले. त्यांनी एकदोन शब्दांच्या साम्यावर भागवले नाही. ‘या भाषेत हा ध्वनी, तर त्या भाषेत तो ध्वनी’ असा मेळ शेकडो शब्दांत पुन्हा पुन्हा बसतो का, हे तपासले.

कोणत्याही दोन भाषांत हजारो शब्द असतात आणि माणसाच्या तोंडून निघणारे ध्वनी मोजकेच. त्यामुळे काही शब्द योगायोगाने जुळणारच. एक जुळणी हा पुरावा होत नाही, नियमित जुळणी हा पुरावा होतो.

हजेरीपटावरील प्रवासी

आता हीच कसोटी हिब्रू नावांना लावू. ही नावे जगभर पसरली आणि प्रत्येक भाषेने त्यांना आपल्या जिभेप्रमाणे वळवले. पण ते वळण मनमानी नाही.

पहिला नियम ‘य’चा. हिब्रूतील योसेफ, याकोव, योहानान ही नावे ‘य’ने सुरू होतात. ग्रीक आणि लॅटिनमध्ये या ध्वनीसाठी ‘आय’ हे अक्षर होते. पुढे त्याच अक्षराला खाली शेपूट देऊन ‘जे’ लिहू लागले. ही दोन स्वतंत्र अक्षरे मानण्याची रीत सोळाव्या शतकापासून रुजत गेली. त्या ‘जे’चा उच्चार जर्मन माणूस आजही ‘य’ करतो, म्हणून तो योहान म्हणतो. इंग्रज ‘ज’ करतो, म्हणून जॉन. फ्रेंच आणि पोर्तुगीज माणूस ‘झ’सारखा करतो, तर स्पॅनिश माणूस घशातून ‘ख’च्या जवळ जातो. अक्षर एक, उच्चार चार. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपला ‘ज’ जीव या शब्दात वेगळा आणि जाळे या शब्दात वेगळा, तरी लिहितो एकाच अक्षराने. गोव्यात पोर्तुगीज रूपाचे कोकणीकरण होऊन जुझे आणि जुवांव झाले. २४ जूनला गोव्यातील लोक विहिरींत उड्या मारून जो ‘सांजांव’ साजरा करतात, तो म्हणजे ‘संत योहान’ एवढाच शब्द.

दुसरा नियम ‘श’चा. ग्रीक भाषेत ‘श’ हा ध्वनीच नाही. त्यामुळे हिब्रू श्मुएलचा सॅम्युएल झाला, श्लोमोचा सॉलोमन आणि शिमशोनचा सॅमसन. मराठी बायबलच्या भाषांतरात हा ‘श’ जागेवर दिसतो : शमुवेल, शलमोन, शमशोन. अरबीतही हिब्रू ‘श’च्या जागी अनेकदा ‘स’ येतो. पण तिथले कारण वेगळे. हिब्रू आणि अरबी या बहिणी आहेत, आणि हा फरक त्यांच्या साध्या शब्दांतही दिसतो. हिब्रू शालोम, अरबी सलाम. जिभेला हिब्रूत लाशोन, अरबीत लिसान. डोक्याला हिब्रूत रोश, अरबीत रास. वर्षाला हिब्रूत शाना, अरबीत सना. हा ‘सना’ आपल्या ओळखीचा आहे. फळ्यावर आपण ‘सन १९४८’ लिहितो, त्यातला ‘सन’ अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. नावे पाहिली तर हिब्रू यिश्माएल, अरबी इस्माईल. अर्थ ‘देव ऐकतो’. ऐकण्याचा हाच धातू उर्दूत न्यायालयातील सुनावणीला म्हणतात त्या ‘समाअत’मध्ये आहे, आणि हिब्रू शिमोन या नावातही. शिमोन ग्रीकमधून इंग्रजीत गेला आणि सायमन झाला. इस्माईल आणि सायमन यांचे नाते नुसत्या कानाला सापडणार नाही, नियमाने सापडते.

तिसरा नियम घशातल्या ‘ह’चा. हिब्रू आणि अरबीत घशातून काढायचा एक ‘ह’ आहे. तो ग्रीकमध्ये वरील प्रकारच्या नावांत गळून पडला. हन्नाची ॲना झाली. योहानानचा इओआनेस झाला. यित्सहाकचा ग्रीकमध्ये इसाआक आणि इंग्रजीत आयझॅक झाला. यहेज्केलचा एझिकेल झाला. अरबीने मात्र तो ‘ह’ सांभाळला. म्हणून बिलोलीतला इसहाक मूळ हिब्रू उच्चाराला आयझॅकपेक्षा पुष्कळ जवळ आहे. ‘मूळ नाव इंग्रजी आणि बाकी सारे अपभ्रंश’ अशी एक समजूत आपल्या शिक्षित वर्गात नकळत मुरलेली असते. तिलाही इथेच उत्तर मिळते. इंग्रजी रूप हे प्रवासातले बरेच उशिराचे ठाणे आहे. दावीदचा डेव्हिड आणि याकोबचा जेकब का झाला? कारण साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतील दीर्घ स्वर सरकले आणि ‘आ’च्या ठिकाणी ‘ए’ आला. तो बदल सबंध इंग्रजी भाषेत झाला, केवळ या नावांत नाही.

चौथी खूण शेवटच्या ‘स’ची, आणि ती मला सर्वांत मजेची वाटते. हिब्रूत नाव आहे योना, अरबीत यूनुस. हिब्रूत एलियाहू; अरबीत इलियास. हा ‘स’ कुठून आला? ग्रीक भाषेत पुरुषाच्या नावाला कर्त्याच्या रूपात बहुधा ‘स’ लागतो : इओनास, एलियास. म्हणजे ही नावे ग्रीक बोलणाऱ्यांच्या हातून पुढे अरबीत पोचली. पारपत्रावर शिक्का बसावा तसा हा ‘स’ आहे. मोशेचा मोझेस झाला तोही याच ‘स’मुळे, अरबी मूसामध्ये तो नाही. मुंबईत महालक्ष्मीजवळच्या डॉ. ई. मोझेस मार्गावर ग्रीक प्रत्यय आहे आणि बिलोलीच्या यूनुसच्या नावातही आहे.

पाचवा नियम आपल्या शेजारचा. तेलुगूत शब्द साधारणपणे स्वराने संपतो. म्हणून मांजरेपलीकडच्या ख्रिस्ती वस्तीत दावीदु, योहानु, अब्राहामु, योसेपु ही रूपे मिळतात. पुस्तकाचे ‘पुस्तकमु’ करणारी जीभ अब्राहामचे ‘अब्राहामु’ करणारच. योसेफ, जोसेफ, यूसुफ, जुझे आणि योसेपु ही पाच नावे पाच धर्मांची किंवा पाच देशांची वाटतात. नाव एकच आहे, आणि प्रत्येक रूप का झाले ते सांगता येते.

अब्राहमची तपासणी

एवढी तयारी झाल्यावर भित्तिपत्रकातील पहिल्या ओळीकडे वळू. तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : सर्वांत जुने रूप कोणते? बायबलच्या पहिल्या पुस्तकातच सांगितले आहे, की या पुरुषाचे नाव आधी अब्राम होते आणि पुढे ते अब्राहाम झाले. आधीच्या रूपात ‘ह’ नाही. ब्रह्माशी जुळणी मात्र त्या ‘ह’वरच उभी आहे. ज्या अक्षरावर सारा भार टाकला, ते अक्षर मागाहून आलेले आहे.

दुसरा प्रश्न : त्या भाषेतच नावाची फोड होते का, आणि तशी आणखी नावे आहेत का? होते. हिब्रूत ‘अब’ म्हणजे बाप आणि ‘राम’ म्हणजे उंच, थोर. अब्राम म्हणजे ‘थोर पिता’ किंवा ‘पिता थोर आहे’. याच घडणीची अबीराम, अहीराम, यहोराम ही नावे हिब्रूत आहेत. म्हणजे फोड अब आणि राम अशी आहे, अ आणि ब्रम अशी नाही. संस्कृत ब्रह्मन् ‘बृह्’ या धातूशी जोडतात आणि बृहत् वगैरे त्याचे नातेवाईक संस्कृतातच आहेत. दोन्ही नावांना आपापल्या घरी आईबाप आहेत. त्यांना एकमेकांच्या दारात अनाथ म्हणून उभे करण्याची गरज नाही.

इथे ‘राम’ शब्द दिसताच एखाद्याचे डोळे चमकतील. त्यांनी कृपया पुढे वाचावे. हिब्रू ‘राम’चा अर्थ उंच असा आहे, रमण्याशी किंवा रमवण्याशी त्याचा संबंध नाही.

तिसरा प्रश्न : हाच मेळ इतर शब्दांत बसतो का? संस्कृत ‘ब्र’ला हिब्रूत ‘ब्र’ येतो असा नियम असेल, तर भाऊ, बोलणे अशा रोजच्या शब्दांतही तो दिसायला हवा. संस्कृत भ्रातृ आणि इंग्रजी ब्रदर यांत ‘भ’ला ‘ब’ असा मेळ बसतो आणि भरति–बेअर, भू–बी अशा इतर शब्दांतही तोच निघतो. हिब्रूत भावाला म्हणतात ‘अह’, आणि ब्रूते या क्रियापदाचा तिथे मागमूस नाही. जुळणी एका नावापुरती आहे, म्हणजे योगायोग आहे.

सारा आणि सरस्वती यांचेही तेच. हिब्रूत सारा म्हणजे थोर स्त्री, राजस्त्री. ‘सार’ म्हणजे सरदार याचे ते स्त्रीलिंगी रूप. अक्कादी भाषेत राजाला शर्रू आणि राणीला शर्रतू म्हणत, ते याच कुळातले. सरस्वती म्हणजे ‘सरस्’ असलेली, पाण्याने भरलेली. त्यातला ‘वती’ हा प्रत्यय वेगळा काढला की उरते ते तळे, आणि राणीशी त्याचा संबंध राहत नाही.

सरस्वतीला परदेशात खरीखुरी बहीण आहे. इराणच्या अवेस्ता ग्रंथात एका प्रदेशाचे नाव हरख्वैती असे येते. ऐकायला सारापेक्षा कितीतरी दूर. पण संस्कृत ‘स’ला अवेस्तन ‘ह’ हा नियम पक्का आहे : सप्त–हप्त, सोम–हओम, सिंधू–हिंदू. त्या नियमाने सरस्वती आणि हरख्वैती नेमक्या जुळतात. कृष्णाचेही तसेच. ख्रिस्त हा ग्रीक शब्द आहे, अर्थ ‘अभिषेक झालेला’. हिब्रू माशियाह, म्हणजे आपण ज्याला मसीहा म्हणतो, त्याचे ते भाषांतर आहे. कृष्ण म्हणजे काळा. बाल्टिक समुद्राकाठच्या प्राचीन प्रशियन भाषेत काळ्याला ‘किर्स्नान’ म्हणत, तो कृष्णाचा खरा सोयरा. जगाशी नाते शोधण्याची हौस असेल तर ती भागवायला खरी नाती पुष्कळ आहेत, त्यांसाठी खोटी जोडायला नको.

कोकणातले हसाजी

हिब्रू नावे आणि मराठी यांचा सर्वांत जुना संसार कोकणात झाला. अलिबागच्या आसपासच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला बेने इस्राएल समाज तेलाचे घाणे चालवी. शनिवारी ते काम बंद ठेवीत, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची आडनावे गावांवरून : किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर. घरची भाषा मराठी. मुंबईत १७९६ मध्ये त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारणारे गृहस्थ सॅम्युएल एझिकेल दिवेकर म्हणून इतिहासात नोंदले गेले आहेत. पण त्यांच्या लोकांत ते सामाजी हसाजी दिवेकर होते.

श्मुएलचे सामाजी आणि यहेज्केलचे हसाजी. इंग्रजी एझिकेलमध्ये जो ‘ह’ राहिला नाही, तो हसाजीत आहे. ग्रीकमार्गे गेलेल्या नावाने जे गमावले, ते कोकणातल्या तोंडी परंपरेने राखले, वर मराठी ‘जी’ लावून नावाला आदरही दिला. याला कोणी अपभ्रंश म्हणेल. मला तो चांगल्या मराठीचा नमुना वाटतो.

इंग्रजी शिक्षण आल्यावर याच समाजात नावांची इंग्रजी रूपे रूढ झाली. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड (१८९०–१९८३) यांच्या नावात हिब्रू ‘य’चा इंग्रजी ‘ज’ झाला आहे, आणि आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावाचे. कवी निस्सीम एझिकेल (१९२४–२००४) यांचे पहिले नाव सरळ हिब्रू आहे, त्याचा अर्थ ‘चमत्कार’; आडनाव मात्र इंग्रजी वळणाचे. हसाजी आणि एझिकेल हे मुळात एकच.

याच समाजाचे एक उदाहरण उच्चारसाम्याच्या भक्तांसाठी राखून ठेवले आहे. हिब्रू नववर्षाचे नाव रोश हशाना. कोकणातले बेने इस्राएल त्याला म्हणत ‘नव्याचा सण’. आता शाना म्हणजे वर्ष, अरबी सना, मराठी सन. मग हा सण तोच का? अजिबात नाही. मराठी ‘सण’ संस्कृत ‘क्षण’ या शब्दापासून आला आहे. ध्वनी जुळतो, अर्थ जुळतो, प्रसंगही तोच, तरी नाते नाही. यापेक्षा चांगला सापळा मुद्दाम रचूनही मिळाला नसता.

नियमात न बसणारे

समीक्षा करताना आपली बाजूही तपासायला हवी. सगळीच नावे नियमाच्या चौकटीत नीट बसतात असे नाही. हिब्रू योहानानला अरबी ख्रिस्ती युहन्ना म्हणतात, ते सरळ आहे; पण कुराणातील रूप आहे यह्या, आणि ते साध्या ध्वनिबदलाने मिळत नाही. येशुआ आणि ईसा यांचेही तसेच. या रूपांवर अभ्यासकांत आजही वाद आहेत. व्यक्ती एकच मानली जाते म्हणून उच्चाराचे गणित सुटले असे कोणी प्रामाणिक अभ्यासक म्हणत नाही. जिथे नियम अडतो तिथे तो अडला असे सांगणे, हाही पद्धतीचाच भाग आहे.

उच्चारसाम्याचा मोह खुद्द प्राचीन ग्रंथांनाही सुटलेला नाही. बायबल सांगते, की पाण्यातून ‘ओढून काढला’ म्हणून मुलाचे नाव मोशे ठेवले. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते नाव इजिप्तच्या भाषेतील ‘जन्मलेला’ या अर्थाच्या शब्दाचे आहे. थुतमोस या राजाच्या नावात तोच शब्द आहे. अब्राहामचा ‘अनेक राष्ट्रांचा पिता’ हा अर्थही तिथे ध्वनीच्या आधारानेच दिलेला आहे. आपल्या निरुक्तांतही अशा व्युत्पत्ती आहेत. त्या कथा म्हणून सुंदर आहेत, त्या जरूर सांगाव्यात. कथेला मात्र पुराव्याच्या जागी बसवू नये.

इब्राहिमला उत्तर

ते भित्तिपत्रक एवढे मनावर का घ्यावे, असे कोणी विचारील. दोन कारणे आहेत.

एक, पद्धतीचे. ‘सारखे वाटते म्हणून आहे’ हे एकदा वर्गात मान्य केले, की मग ते कुठेच अडवता येत नाही. ग्रहाचा रंग लाल म्हणून तो रक्ताचा कारक; अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला. हाच तर्क आपण दुसऱ्या तासाला खोडून काढतो आणि व्हरांड्यात लावतो, हे बरे नव्हे.

दुसरे कारण त्या मुलाचे. ‘तुझे नाव मुळात आमचेच, फक्त बिघडलेले’ हे वाक्य बोलणाऱ्याला आपुलकीचे वाटते. ऐकणाऱ्याला ते तसे वाटत नाही. त्यात त्याला घरात घेतले जाते, पण आपले नाव उंबऱ्याबाहेर ठेवायला लावून. सरांना हवा होता तो आपलेपणा त्या रकान्यांनी दिला नाही, एका मुलाला मात्र आपल्या नावाची शंका दिली.

शिक्षकांना एक सोपा प्रयोग सुचवते. आपल्याच शाळेचा हजेरीपट घ्या. त्यातील यूसुफ, दाऊद, मरियम, सुलेमान, जॉन, डॅनियल अशी नावे एका बाजूला लिहा. शेजारी त्यांची हिब्रू, मराठी बायबलमधील, इंग्रजी आणि जमल्यास तेलुगू रूपे मांडा. मग मुलांना उत्तर न सांगता विचारा : कोणता ध्वनी कुठे बदलतो? तो प्रत्येक वेळी तसाच बदलतो का? कुठे बदलत नाही? वर सांगितलेले दोन-तीन नियम मुले स्वतः काढतील. त्यांच्या नियमात न बसणारे एखादे नाव पुढे करा आणि ती काय करतात ते पाहा. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतही हा प्रयोग होतो, त्याला खडू पुरतो.

आणि इब्राहिम, तुझ्या प्रश्नाचे उत्तर. तुझे नाव चुकीचे नाही आणि ते कोणाचा अपभ्रंशही नाही. ते हिब्रूतून निघाले, अरबीत येऊन त्याने आपले रूप घेतले आणि दखनी बोलणाऱ्या तुझ्या वाडवडिलांबरोबर मांजरेकाठी आले. आज इस्राएलमध्ये हेच नाव अव्राहाम असे उच्चारतात, इंग्रज त्याला एब्रहॅम म्हणतो आणि नदीपलीकडे कोणी अब्राहामु आहे. ते सगळे तुझे नामबंधू आहेत. ब्रह्मा तुझ्या वर्गातल्या गंगाधरच्या घरचा आहे. त्याच्याशी तुझी मैत्री व्हायला नावे जुळायची गरज नाही.